आधी जागा सांगा

संपादकांना जुन्या ॲम्प्लिफायरांवर लेख हवा होता, म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या एका गाळ्यात दुरुस्ती करणाऱ्या काकांच्या चिमट्यातला निळा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पाहिला आणि लेख तिथेच वळला. आवाजासाठी चांगला कंडेन्सर कोणता, असं विचारलं की काका मान वर न करता म्हणतात, "आधी जागा सांगा."

या वस्तूचं मूळ कारोल पोलाक यांच्या 1896च्या पेटंटपर्यंत जातं. रचना साधी: ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, मध्ये रसायनात भिजवलेला कागद, सगळं गुंडाळून डबीत बंद. एका पट्टीवर ऑक्साइडचा थर असतो, एका व्होल्टमागे जेमतेम दीड नॅनोमीटर जाडीचा. एवढ्याशा डबीत हजारो मायक्रोफॅरड मावतात ते त्या पातळपणामुळे.

काकांच्या लेखी पहिली जागा पॉवर सप्लायची. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ब्रिज रेक्टिफायरमधून सेकंदाला शंभर ठोके येतात. मधल्या खाचा कंडेन्सर भरतो. तो थकला की स्पीकर घुणघुणतो. 24 व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर डीसी मिळते साधारण 33. मग 35 व्होल्टचा कंडेन्सर पुरेल, असं मला वाटलं. काकांनी मान हलवली. रात्री लाइन दहा टक्के चढली आणि ॲम्प्लिफायर नुसताच चालू असला, तर आकडा 35 ओलांडतो. इथे 50 व्होल्टचाच हवा, आणि रिपल करंट सोसणारा.

दुसरी जागा आवाजाच्या वाटेवरची, म्हणजे डीसी अडवून गाणं पुढे सोडायची. पुढे दहा किलोओहम असतील तर एक मायक्रोफॅरडने सोळा हर्ट्झपर्यंत भागतं. काका तिथे 47चा लावतात. खर्जाचा व्होल्टेज कंडेन्सरवरच पडू लागला की इलेक्ट्रोलिटिक आवाज बिघडवतो. मोठा लावला की त्याच्यावर काही उरतच नाही. शौकीन एल्नाचा सिल्मिक मागतात, ज्याच्या कागदात रेशमाचे तंतू असतात. "रेशमाला माझी ना नाही," काका म्हणतात, "पण आधी मायक्रोफॅरड नीट घ्या." स्पीकरच्या क्रॉसओव्हरमध्ये मात्र नॉन-पोलरच, कारण तिथे व्होल्टेजची दिशा सतत उलटत असते.

इथवर हिशेब सुटसुटीत होता. पण आतलं रसायन रबरी बुचातून हळूहळू उडत असतं, आणि उष्णतेने फार लवकर. 105 अंशांना 2,000 तास, असं छापलेलं आयुष्य म्हणजे तीन महिनेसुद्धा नाहीत. तापमान दर दहा अंशांनी उतरलं की ते अंदाजे दुप्पट होतं. 65 अंशांना 32,000 तास. म्हणून हीटसिंकला चिकटून बसवलेला महागडा कंडेन्सर दूर बसवलेल्या साध्यापेक्षा आधी मरू शकतो.

त्यात बाजारातली लबाडी. जुन्या डबीवर नवं आवरण चढवलेलं असतं, कधी मोठ्या डबीत छोटी कोंबलेली. काका वजन जोखतात, मग आतला रोध मोजणारा ईएसआर मीटर लावतात. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मालाचा ऑक्साइड कमकुवत झालेला असतो. त्याला रेझिस्टरमधून सावकाश व्होल्टेज चढवून जागवावं लागतं. एवढं करूनही मीटर आजची तब्येत सांगतो, उरलेले तास नाही.

गिऱ्हाइकाला मात्र हमी हवी असते. काका ती देतात, पण सोल्डरिंगची.