झोपेतील श्वासरोधावरील मुखोपकरणे
झोपेतील श्वासरोधावरील मुखोपकरणे ही प्रौढांमधील ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया या विकारावरील उपचारासाठी झोपताना तोंडात बसवावयाची, काढता-घालता येणारी साधने होत. रुग्णाच्या दातांचे माप घेऊन दंतवैद्य ती तयार करवून घेतात.

विकाराचे स्वरूप
झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ व मृदू टाळू मागे सरकल्यास श्वासमार्ग अरुंद होतो किंवा बंद पडतो. किमान १० सेकंद श्वास थांबणे म्हणजे ॲप्निया होय. श्वास थांबण्याचे वा अपुरा पडण्याचे प्रसंग तासाला ५ ते १५ असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र मानला जातो. मोठ्याने घोरणे व दिवसा झोप येणे ही प्रमुख लक्षणे आहेत. उपचाराअभावी उच्च रक्तदाब व वाहन चालवताना अपघात यांचा धोका वाढतो.

प्रकार
सर्वाधिक वापर खालचा जबडा पुढे धरणाऱ्या उपकरणाचा होतो. त्याचे दोन भाग वरच्या व खालच्या दातांवर बसतात. जबड्याबरोबर जीभही पुढे येते आणि तिच्यामागील जागा मोकळी राहते. अनेक उपकरणांत जबडा टप्प्याटप्प्याने पुढे घेण्याची सोय असते. दुसऱ्या प्रकारात मऊ पोकळ फुग्यातील ओढीने जीभ पुढे धरली जाते. पुरेसे दात नसलेल्यांना तो उपयोगी पडू शकतो.

उपचारातील स्थान
नाकावाटे दाबयुक्त हवा देणारे सीपॅप यंत्र १९८१ पासून ज्ञात असून श्वासरोध कमी करण्यात ते अधिक प्रभावी आहे. ज्यांना ते सोसत नाही किंवा नको असते, अशा प्रौढांसाठी मुखोपकरणाचा विचार करावा, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रावैद्यक व दंत निद्रावैद्यक संस्थांनी २०१५ मध्ये केली.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात
या विकाराचे निदान निद्राचाचणीवरून वैद्य करतात, तर उपकरण दंतवैद्य देतात. त्यामुळे दोन्ही शाखांचा समन्वय आवश्यक असतो. वर्धा शहरालगत सावंगी (मेघे) येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय व शरद पवार दंत महाविद्यालय एकाच परिसरात आहेत. विदर्भात सुपारी, तंबाखू व चुना यांपासून केलेला खर्रा खाण्याची सवय आढळते. सुपारीमुळे तोंडातील अस्तर कडक होऊन तोंड पुरेसे उघडत नाही. अशा रुग्णाच्या दातांचे माप घेणे व उपकरण बसवणे कठीण होते.

मर्यादा व दुष्परिणाम
हलणारे दात, हिरड्यांचा तीव्र आजार किंवा जबड्याच्या सांध्याचे दुखणे असल्यास उपकरण सहसा टाळतात. सुरुवातीस लाळ वाढणे, तोंड कोरडे पडणे व सकाळी जबडा दुखणे हे त्रास होतात. दीर्घ वापराने दात सरकून चावण्याची ठेवण बदलू शकते. म्हणून नियमित दंततपासणी आवश्यक असते.

घोरणे थांबले म्हणजे श्वासरोध थांबला, असे नाही. आवाज कमी होऊनही श्वास अडखळत राहू शकतो. म्हणून जबड्याची स्थिती निश्चित झाल्यावर उपकरण घालून पुन्हा निद्राचाचणी करतात.