आठवं वर्ष

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. खानदेशच्या उन्हात मुरलेल्या मला अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीची थंडी दाखवली ती माझ्या लेकीनं. यंदा चार महिने मी तिच्याकडे होते. तिच्या शेजारी एक मॉर्मन कुटुंब राहतं. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. अगत्याचं बोलावणं आलं आणि आम्ही गेलो.

मॉर्मन हा जोसेफ स्मिथनं १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापलेला पंथ. १८५२ साली त्यांचा ह्यू फिंडले नावाचा प्रचारक आपल्या मुंबईतही येऊन उतरला होता. ही मंडळी तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. आठ वर्षांपर्यंत मुलाला पाप लागतच नाही, अशी त्यांची श्रद्धा.

आठवं वर्ष ऐकून मला गंमत वाटली. आपल्याकडे मुंजीलाही शास्त्रानं तेच वर्ष सांगितलं आहे!

हौदात कमरेइतकं पाणी होतं. बाप आणि मुलगी दोघंही पांढऱ्या कपड्यांत. बापानं उजवा हात वर करून मुलीचं नाव घेतलं, प्रार्थना म्हटली आणि तिला अलगद पाण्यात आडवी बुडवून वर काढलं. एवढ्यात कडेला उभ्या आजीनं मान हलवली. केसांची बट वर राहिली होती! सारं अंग पाण्याखाली गेल्याखेरीज बाप्तिस्मा पुरा होत नाही, म्हणून दोन साक्षीदार लागतात. २०१९ पासून बायकामुलांनाही तो मान मिळाला आहे. पोरीनं हसतहसत दुसरी बुडी घेतली.

परतताना लेक म्हणाली, ‘‘आई, आधी त्यांचा धर्मप्रमुख मुलीला जवळ बसवून तिची इच्छा विचारतो.’’

विचारतो! मला धुळ्याचं आमचं अंगण आठवलं. धाकट्या भावाची मुंज. न्हाव्यापुढे बसून तो हंबरडा फोडत होता आणि मोठी माणसं कौतुकानं हसत होती. त्याला कोणी विचारलं नव्हतं. मी तर मुलगी. मला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

माझ्या नातवालाही आता आठवं लागलं आहे. येत्या उन्हाळ्यात जळगावला त्याची मुंज करायची, हा घाट माझाच. त्या रात्री त्याला कुशीत घेऊन मी म्हटलं, ‘‘बाळा, तुला मुंज हवी का रे?’’

तो बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, ‘‘आजी, नको म्हटलं तर तू रडशील?’’

माझ्या पोटात चर्र झालं. नुसतं विचारून भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. शेजारच्या त्या पोरीलाही घरभर पाहुणे जमले असता ‘नाही’ म्हणता आलं असतं का, कोण जाणे!

‘‘रडेन थोडी,’’ मी खरं ते सांगितलं, ‘‘पण तुझ्यावर रुसणार नाही.’’

तो विचार करतो म्हणाला. जळगावला परतून महिना झाला. गुरुजी दोनदा विचारून गेले. मुहूर्त काढायला मी अजून सांगितलेलं नाही.