जबाबापूर्वीचे बोलणे

‘जिवाचे काही बरेवाईट करून घेईन’ हे शब्द आपल्या घरांतून त्राग्याच्या भरात इतक्या वेळा उच्चारले जातात, की ज्या दिवशी ते खरोखरीच अंतःकरण पिळवटून बाहेर पडतात, त्या दिवशीही ऐकणारा त्यांस त्रागाच समजतो. आणि मग तोच मनुष्य मध्यरात्री, दार लोटून घेऊन, मोबाइलच्या पडद्यावर अनोळखी माणसांपुढे आपले मन उघडे करतो. तेथे कुणी धीर देतो, कुणी निराशेलाच दुजोरा देत जातो. आणि दुःखाला सोबत मिळाली की मरणाला संमती, हे त्या निद्राहीन, थकलेल्या मनास उमगत नाही.

हे बोलणे घराबाहेर का गेले, याचे उत्तर काही अंशी सरकारी दप्तरात सापडते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील कलम 309 अन्वये आत्महत्येचा प्रयत्न हा फौजदारी गुन्हा होता व त्यास एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद होती. साहजिकच, इस्पितळात नुकत्याच शुद्धीवर आलेल्या माणसाच्या उशाशी जबाब घेणारा पोलीस उभा राही, आणि धास्तावलेले नातलग ‘अपघात झाला’ एवढेच सांगत. मनोविकाराने ग्रस्त झालेल्या एका पोलीस शिपायाच्याच प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 1986 मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरविले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ते वैध मानले. अखेर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे ठरविले, की अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती हे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, आणि तिची शुश्रूषा व पुनर्वसन हे सरकारने आपले कर्तव्य मानावे. घरांतली लपवालपवी मात्र अद्याप सरलेली नाही, याचे मला अतिशय दुःख वाटते.

कारण मरणाची ओढ सदैव सारख्याच तीव्रतेची नसते. ती लाटेसारखी चढते आणि पुष्कळदा काही वेळाने ओसरते. तेवढा वेळ कुणी जवळ बसले, घातक वस्तू हाताशी राहू दिल्या नाहीत, तर जीव वाचू शकतो. ‘तुझ्या मनात जीव देण्याचे येते का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत निराधार आहे. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे कुणापुढे तरी उतरविण्यास त्या प्रश्नाने वाट मिळते. उत्तर ‘होय’ आले, तर उपदेश करू नये, घरच्यांच्या अब्रूची आठवण देऊ नये, त्यास एकटे सोडू नये. ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा 2022 पासून 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य चालते, व तेथे मराठीतही बोलता येते. स्वतः बोलण्याचे त्राण त्याच्यात नसेल, तर शेजारी बसून फोन आपण लावावा.