व्हिडिओ गेमची रचना आणि समीक्षेचे गुणांकन : पुण्यातील दोन खेळांच्या संदर्भात

प्रस्तावना :

नामपूरच्या बाजार समितीतील कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना एक गोष्ट चांगलीच ठाऊक असते. चार-पाच महिने राबून पिकविलेल्या मालाचे मोल काही क्षणांत एका आकड्यात ठरते. व्यापारी ट्रॉलीतील मूठभर कांदा हातात घेतो, वरचा थर पाहतो आणि भाव पुकारतो. तो भाव खोटा नसतो. मात्र मालाची सगळी हकिगत त्यात येत नाही. व्हिडिओ गेमच्या उद्योगात समीक्षेच्या गुणांना काहीसे असेच स्थान प्राप्त झाले आहे. मोसम खोऱ्यातील आपले विद्यार्थी मोबाइलवर खेळ खेळतात, एवढ्यावरच हा विषय थांबत नाही. त्यांतील काहींना खेळ तयार करण्याच्या व्यवसायात जाण्याची इच्छा असते. अशा विद्यार्थ्याने ज्या आकड्यावर त्याची उपजीविका उद्या अवलंबून राहील, तो आकडा कसा तयार होतो हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्या दृष्टीने प्रस्तुत लेखात पुण्यात घडलेल्या दोन उदाहरणांचा विचार केला आहे.

खेळाची रचना :

खेळाची रचना म्हणजे त्यातील चित्रे, असा सर्वसाधारण समज आढळतो. चित्रे हा रचनेचा केवळ दर्शनी भाग होय. सारीपाटाचा पट भरजरी कापडाचा असो वा खडूने जमिनीवर आखलेला असो, खेळ तोच राहतो. कारण खेळ नियमांत असतो. व्हिडिओ गेममध्ये या नियमांना आणखी एका घटकाची जोड मिळते, ती म्हणजे प्रतिसादाची. खेळाडूने कळ दाबली की पडद्यावरील पात्राने हालचाल करावयाची असते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटत असतील, तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे १७ सहस्रांश सेकंद येतात. कळ दाबणे आणि तलवार उगारली जाणे यांत अशा दहा-बारा चित्रांचे अंतर पडले, तर खेळाडूला कारण सांगता येत नाही, पण हातांना ‘जडपणा’ जाणवतो. प्रसंग कोणत्या कोनातून दिसावा, पात्र मेल्यावर खेळ कोठून पुन्हा सुरू व्हावा, शत्रूने वार करण्यापूर्वी किती वेळ आधी इशारा द्यावा, हे सर्व निर्णय रचनाकाराचे असतात. हे निर्णय उत्तम जमले तर कोणाच्याही लक्षात येत नाहीत. चुकले तर मात्र समीक्षक प्रथम त्यांच्यावरच बोट ठेवतात.

गुणांकनाची पद्धत :

२००१ साली सुरू झालेले मेटाक्रिटिक हे संकेतस्थळ निरनिराळ्या समीक्षकांचे गुण एकत्र करून त्यांची सरासरी काढते. ही सरासरी भारित असते. म्हणजे काही प्रकाशनांच्या मताला अधिक वजन दिले जाते. कोणाला किती, हे मात्र जाहीर केले जात नाही. कोणी पाचपैकी तारे देतो, कोणी दहापैकी गुण, कोणी शंभरपैकी. या सर्वांचे रूपांतर शंभराच्या मापात होते. साडेतीन तारे देणाऱ्या समीक्षकाच्या मनात ‘खेळ अवश्य पाहावा’ असा भाव असू शकतो. त्याचे ७० गुण झाले की तो भाव उरत नाही.

येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. याच संकेतस्थळावर चित्रपटाला ६१ गुणांपासून हिरवा, म्हणजे अनुकूल, रंग मिळतो. खेळाला मात्र त्यासाठी ७५ गुण लागतात. सत्तर गुणांचा चित्रपट हिरवा आणि सत्तर गुणांचा खेळ पिवळा! आपल्या परीक्षापद्धतीत साठ टक्क्यांना प्रथम श्रेणी मिळते, हेही या संदर्भात आठवते.

सरासरीचा दुसरा दोष गणिताचा आहे. समजा, एका खेळाला चार समीक्षकांनी प्रत्येकी ७० गुण दिले आणि दुसऱ्याला ९५, ९०, ५० व ४५ असे गुण मिळाले. दोहोंची सरासरी ७० च येते. पहिला खेळ सर्वांना बरा वाटला आहे. दुसरा काहींना अतिशय आवडला, काहींना मुळीच आवडला नाही. ग्राहकाच्या दृष्टीने ही दोन अगदी भिन्न माहिती आहे. आकडा ती पुसून टाकतो.

हा आकडा केवळ ग्राहकापुरता राहिला असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. २०१० साली प्रकाशित झालेला ‘फॉलआउट : न्यू व्हेगस’ हा खेळ ऑब्सिडियन या अमेरिकी कंपनीने तयार केला होता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच प्रकाशकाकडून अधिलाभांश मिळेल, असा करार होता, हे कंपनीच्या एका प्रमुख रचनाकाराने २०१२ मध्ये उघड केले. खेळाला ८४ गुण मिळाले. एका गुणाने रक्कम हुकली. ज्या मापाची वजने जाहीर नाहीत, त्यातील एका गुणाला इतकी किंमत देणे प्रस्तुत लेखकास तरी समर्थनीय वाटत नाही.

‘राजी’चे उदाहरण :

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ तयार केला. २०१७ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, पण उद्दिष्टाइतकी रक्कम जमली नाही. ठरलेली रक्कम पूर्ण न जमल्यास काहीच हाती पडत नाही, असा तेथील नियम आहे. संस्थापकांपैकी एकाने आपली सदनिका विकून काम चालू ठेवले, असे या मंडळींनी मुलाखतींतून सांगितले आहे. पुढे एपिक गेम्स या कंपनीचे अनुदान आणि एक प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी हा खेळ निन्टेंडो स्विचवर आणि ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर प्रसिद्ध झाला.

राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणाऱ्यांमधील मुलगी असून असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात ती निघते. राजस्थानी वास्तुशैलीचे महाल, पहाडी चित्रशैलीचा प्रभाव आणि कथाभाग सांगण्यासाठी वापरलेल्या छायाबाहुल्या यांची समीक्षकांनी वाखाणणी केली. त्याच समीक्षकांनी लढाईतील ढिलाई, स्थिर कॅमेऱ्यामुळे उड्यांचा चुकणारा अंदाज, खेळाची अल्प लांबी आणि एकाएकी होणारा शेवट यांवर टीका केली. ही टीका अन्यायाची नव्हती. वर सांगितलेल्या प्रतिसादाच्या प्रश्नाचेच ते रूप होते, आणि तो प्रश्न सोडविण्यास लागतो तो वेळ व पैसा. मोठ्या कंपन्यांत केवळ लढाईच्या हालचालींवर स्वतंत्र पथक महिनोन्महिने काम करते. मेटाक्रिटिकवर खेळ सत्तरीच्या आसपास राहिला, म्हणजे पिवळ्या रंगात. द गेम अॅवॉर्ड्स या समारंभात मात्र त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या पाच नामांकनांत ‘राजी’चा समावेश झाला. एकाच खेळाविषयीची ही दोन मते परस्परविरोधी नाहीत. एकाने कारागिरी मोजली, दुसऱ्याने पहिल्या प्रयत्नातील झेप पाहिली.

उद्योगातील अडचणी :

जागतिक पातळीवर हा उद्योग सध्या सुस्थितीत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळविभागातून १,९०० आणि पुढच्याच महिन्यात सोनीने सुमारे ९०० कर्मचारी कमी केले. आपल्याकडे यात आणखी एका गोंधळाची भर पडते. ‘ऑनलाइन गेम’ म्हटले की पालकांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळायची रमी उभी राहते. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणताना ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ वेगळे काढले आहेत. त्याच वर्षी राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी धोरणही मंजूर केले. तरीही गावपातळीवर हा भेद पोहोचलेला दिसत नाही, आणि खेळ बनविणे शिकू पाहणाऱ्या मुलाला जुगाऱ्याच्या रांगेत बसविले जाते.

दुसरी अडचण परकीय कंपन्यांच्या शाखांतील कामाची आहे. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टचा पुण्यातील स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. अशा शाखांना बहुधा अन्यत्र ठरलेल्या खेळाचा एखादा भाग पूर्ण करण्याचे काम मिळते. त्यामुळे ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या खेळाची नवी आवृत्ती पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे आहे, असे सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा ती मोठी संधी मानली गेली. मूळ खेळाला मेटाक्रिटिकवर ९२ गुण होते. नव्या आवृत्तीची काही मिनिटांची चित्रफीत दिसताच चेहरे व प्रकाशयोजना जुनाट असल्याची टीका जगभर सुरू झाली. नियम, प्रतिसाद, उड्या यांविषयी मत देता येईल असे काहीच लोकांच्या हाती नव्हते. ट्रॉलीचा वरचा थरच तेवढा दिसला होता. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, नंतर अनिश्चित झाली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडे वर्ग करण्यात आले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा खेळच रद्द केला. पुण्या-मुंबईच्या रचनाकारांनी त्यावर केलेले काम कोणी खेळून पाहिले नाही, त्यामुळे त्याला चांगला वा वाईट कोणताच गुणही मिळाला नाही.