पेडल मुकं झालं म्हणजे सर्किट गेलं असं नाही

गिटारचं डिस्टॉर्शन पेडल वाजता वाजता बंद पडलं की ‘आयसी उडाला’ असा निकाल लगेच लागतो आणि चांगलं पेडल कपाटात जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. नऊ व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटमधले आयसी आणि रेझिस्टर वर्षानुवर्षं टिकतात. आधी मोडतं ते हलणारं: जॅक, पायाखालचा स्विच, बॅटरी क्लिपच्या वायरी.

यातही जॅकच्या वायरी पहिल्या. जॅकचा नट सैल झाला की केबल लावताना-काढताना अख्खा जॅक थोडाथोडा फिरतो आणि आतल्या वायरींना पीळ पडतो. वायर तुटते ती मधे कुठे नाही, सोल्डर जिथे संपतं तिथे. वितळलेलं सोल्डर तांब्याच्या बारीक तारांमधून प्लास्टिकच्या आतपर्यंत चढतं, तेवढा तुकडा ताठ होतो आणि प्रत्येक वाक त्याच्या कडेवर येतो. आतल्या तारा तुटल्या तरी वरचं प्लास्टिक अखंड दिसतं. म्हणून ‘वायरी तर ठीक दिसतायत’ या म्हणण्याला अर्थ नाही. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन टोकं धरावीत आणि चिमट्याने वायर हळूच हलवावी. बीप तुटक आला की दोष सापडला. ताठ तुकडा कापून टाकावा, नवं टोक सोलून सोल्डर करावं. पण त्याआधी नट आवळायला हवा, नाहीतर तीच वायर पुन्हा तुटेल.

‘बायपासमध्ये आवाज येतोय, म्हणजे वायरिंग शाबूत आहे,’ हेही अर्धंच खरं. ट्रू बायपास पेडलमध्ये गिटारचा सिग्नल वीज नसतानाही एका जॅकमधून स्विचमार्गे दुसऱ्या जॅकमध्ये जातो. त्यामुळे दोष पॉवरच्या वायरीत असू शकतो, किंवा स्विचपासून सर्किटकडे जाणाऱ्या वायरीत. उलट बॉसची बहुतेक पेडलं आणि आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर यांच्यात बायपासलाही वीज लागते. तिथे दोन्हीकडे शुकशुकाट असला, तरी कारण नुसती तुटलेली पॉवरची वायर असू शकते.

बॅटरी लवकर उतरते, म्हणजे आत कुठेतरी करंट गळतोय, असंही पुष्कळांना वाटतं. पेडलचा इनपुट जॅक स्टीरिओ असतो आणि बॅटरीची काळी वायर त्याच्या मधल्या पत्तीला जोडलेली असते. गिटारची मोनो पिन आत गेली की ती पत्ती ग्राउंडला जोडली जाते आणि वीज सुरू होते. एलईडी विझलेला असला तरी केबल लावलेली असेपर्यंत बॅटरी खर्च होतच राहते. ॲडॅप्टरवर पेडल चालतं पण बॅटरीवर नाही, असं असेल तर ही पत्ती आणि ती काळी वायर आधी तपासावी.

ॲडॅप्टर नऊ व्होल्टचा आहे एवढं पुरेसं नसतं. आज बहुतेक पेडलांना मधली पिन निगेटिव्ह लागते, पण १९६६ च्या फझ फेसच्या धर्तीवरची जर्मेनियम पीएनपी पेडलं पॉझिटिव्ह ग्राउंडवर चालतात. अशी दोन प्रकारची पेडलं एकाच सप्लायवर साखळीने जोडली, तर शॉर्ट होतो. उलटा ॲडॅप्टर लावल्यावर ‘जळालेल्या’ पेडलमध्ये अनेकदा फक्त संरक्षणासाठी बसवलेला डायोड शॉर्ट झालेला असतो. पॉवरच्या दोन टोकांवर मीटर दोन्ही दिशांनी बीप देत असेल, तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत 1N4001 मागितला की तो डायोड मिळतो.

सोल्डर भरपूर थापलं की सांधा मजबूत होतो, ही समजूत फार नुकसान करते. आधी वायर आणि पत्ती दोन्ही तापवाव्यात, मग सोल्डर सांध्याला टेकवावं. ते आपण होऊन पसरतं. नऊ पायांच्या फूटस्विचवर दोन-तीन सेकंदांत काम उरकावं, कारण जास्त वेळ तापवलं तर आतलं प्लास्टिक मऊ होऊन स्विचच निकामी होतो. नळकामाचा ॲसिड फ्लक्स अजिबात वापरू नये, तो तांबं खातो. ६०/४० चं रोझिन भरलेलं सोल्डर घ्यावं.

महागडी वायर घातल्याने आवाज सुधारतो, हे मात्र सोडून द्या. पेडलच्या आतल्या बोटभर वायरीने आवाजात कानाला कळेल असा फरक पडत नाही.

नऊ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून हे काम घरी करता येतं. पण ॲडॅप्टर स्वतः उघडू नये. आणि व्हॉल्व्ह असलेल्या काही पेडलांत आत शेकडो व्होल्ट तयार होतात, प्लग काढल्यावरही काही वेळ कपॅसिटरमध्ये राहतात. ती जाणकार तंत्रज्ञाकडेच द्यावीत.