साथीत पाड्याला सांगायचं कोणी?

शिरपामाळ हा पालघर जिल्ह्यातल्या जव्हार शहराजवळचा उघडा माळ. १६६४ च्या सुरत स्वारीच्या वाटेवर असलेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला आणि जव्हारचे राजे विक्रमशहा मुकणे त्यांच्या भेटीला आले, असं परंपरा सांगते. पर्यटक येतात ते या आठवणीसाठी. पण माळावरून उतरून जव्हार आणि मोखाड्याच्या पाड्यांकडे निघालं, की मुलूख वेगळा लागतो. कातळ, नाचणी-वरईची उतरती शेतं, पावसाळ्यात ओसंडणारं पाणी आणि होळी झाली की हंड्यांच्या रांगा. वारली, कोकणा, महादेव कोळी, क ठाकूर, कातकरी ही इथली माणसं. २०११ च्या जनगणनेत जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार होती. त्यांत दहांपैकी नऊजण आदिवासी. मुंबईपासून दीडशेएक किलोमीटरवरच्या या मुलखात मार्च २०२० नंतर कोविडच्या साथीत शाळेचं जे झालं, त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. साथीच्या काळात शाळा चालू ठेवणं आणि घराघरांत खरी माहिती पोहोचवणं ही आपण दोन खात्यांची दोन कामं मानली. पाड्यावर ती दोन्ही कामं एकच माणूस करत असतो. त्या माणसाचं पाड्यावर येणं थांबलं, तिथे मुलाचा अभ्यास बुडालाच, शिवाय घराला खरं-खोटं विचारायची जागाही उरली नाही.

शाळा बंद होण्याचा क्रम आता विस्मरणात जातो आहे, म्हणून तो नोंदवायला हवा. मार्च २०२० च्या मध्याला राज्यातल्या शाळांना कुलपं लागली. १५ जूनला नवं शैक्षणिक वर्ष कागदावर सुरू झालं. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबरपासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून ठिकठिकाणी भरू लागले, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाले. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीला मात्र १ डिसेंबर २०२१ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल शाळेत पहिल्यांदा बसलं तेव्हा दुसरीचं निम्मं वर्ष सरलं होतं. पाटीवर ‘ग’ गिरवण्याआधीच ते एक इयत्ता पुढे गेलं होतं. पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळा बहुतेक चौथी-पाचवीपर्यंतच्याच, त्यामुळे सर्वांत लांब बंदी नेमकी त्यांच्याच वाट्याला आली.

या काळातली घोषणा होती ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येत होती, दीक्षा अ‍ॅप होतं, २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. या कामामागची कळकळ खरी होती आणि ‘टिलीमिली’ तर मुलांच्या रोजच्या जगाशी पाठ जोडणारी चांगली मालिका होती. प्रश्न पोहोचण्याचा होता. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या ग्रामीण घरांपैकी फक्त १५ टक्क्यांच्या आसपास घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. हा सगळ्या ग्रामीण भारताचा आकडा आहे, डोंगरी तालुक्याचा नव्हे. घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, बाप मजुरीवर. रिचार्ज संपलेला, आणि रेंज हवी तर टेकाडावर चढायचं. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यं व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी होती अवघी ८ टक्के. अजिबात अभ्यास न करणारी ३७ टक्के. घोषणेतलं ‘सुरू’ कोणासाठी होतं, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

जव्हार-मोखाड्यात याच वेळी दुसरा एक प्रयोग झाला. २०२० च्या पावसाळ्यात दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने ‘बोलकी शाळा’ सुरू केली. मोखाडा तालुक्यातल्या दांडवळसारख्या गावांत स्वयंसेवक ध्वनिवर्धक घेऊन जात. उघड्यावर, हातभर अंतर सोडून मुलं बसत आणि आधी ध्वनिमुद्रित केलेले धडे ऐकत. अभ्यासक्रमाचा काही भाग, थोडं इंग्रजी, वागण्या-बोलण्याच्या गोष्टी असं त्याचं स्वरूप होतं. सुरुवातीच्या बातम्यांत सहा गावं आणि सुमारे हजार मुलं असा उल्लेख होता. कर्ण्यातून येणाऱ्या आवाजाला मुलं मास्तर मानतील का, अशी शंका होती. मुलांनी त्या आवाजाला ‘स्पीकरदादा’ आणि ‘स्पीकरताई’ करून टाकलं. या नावात खूप काही आहे. आवाज पाड्यात यायला लागला तसं मुलांनी त्याच्याशी नातं जोडलं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्याला कोणी दादा म्हटल्याचं ऐकिवात नाही. आणखी एक गोष्ट इथे आपोआप घडते, जिच्याकडे शिक्षणाची चर्चा करणारे फारसं बघत नाहीत. कर्णा लागतो तेव्हा ओट्यावर नाचणी पाखडणारी आई तो ऐकते, बैल सोडायला निघालेला आजा ऐकतो. फोनवरचा धडा एका कानापुरता असतो, कर्ण्याचा सगळ्या पाड्याचा. हात कसे धुवायचे, ताप आला तर कुठे जायचं, शाळेचा तांदूळ-डाळीचा शिधा कधी वाटणार, हे सांगायला याच्याइतकं स्वस्त आणि उघड माध्यम दुसरं नव्हतं. उघड असण्याला महत्त्व आहे. सगळ्यांनी एकत्र ऐकलेल्या गोष्टीवर लोक आपसात बोलतात, शंका काढतात आणि चूक असेल तर तिथेच पकडतात.

माहिती नसली की त्या जागेवर काय येतं, याचा भीषण दाखला याच जिल्ह्यात आहे. टाळेबंदीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चोर आणि मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशा वावड्या पालघरच्या पाड्यापाड्यांत पसरल्या होत्या. १६ एप्रिल २०२० च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचा जीव घेतला. या अपराधाला कोणतंही समर्थन नाही आणि शाळा उघडी असती तर तो टळला असता, असं म्हणणं बेजबाबदारपणाचं होईल. पण ज्यांना विचारून खात्री करता येते अशी माणसं पाड्यावर येईनाशी झाली होती आणि फोनवरून येणारी वावडी मात्र अडत नव्हती, एवढं निश्चित म्हणता येतं. पुढे लसीच्या वेळी वर्षभराने तेच झालं. लस घेतली की माणूस मरतो, ही अफवा आदिवासी तालुक्यांत कागदी पत्रकांच्या कितीतरी आधी पोहोचली. त्यात १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला ऑनलाइन नोंदणीची अट घातली गेली. शहरातले लोक ग्रामीण केंद्रांवरच्या वेळा फोनवरून धरून गाड्यांनी तिकडे गेले आणि केंद्रामागच्या पाड्यातली माणसं बघत राहिली. जागेवर नोंदणीची मुभा २४ मे रोजी आली. ज्या घराला अ‍ॅप वापरता येत नाही म्हणून शिक्षण मिळालं नाही, त्याच घराला त्याच कारणाने लसही उशिरा मिळाली.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: साथ नवी होती, विषाणू अनोळखी होता, जव्हारच्या कुटीर रुग्णालयापलीकडे अत्यवस्थ रुग्णाला नाशिक किंवा ठाणे गाठावं लागतं, अशा ठिकाणी शाळा उघड्या ठेवून घरातल्या म्हाताऱ्यांचा जीव धोक्यात घालायचा का? पहिल्या काही महिन्यांपुरता हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. आश्रमशाळांच्या बाबतीत तर त्यापुढेही मान्य आहे. शेकडो मुलं एका सभागृहात झोपतात, एका पंगतीला जेवतात, तिथे साथ शिरली की थांबत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशिम जिल्ह्यातल्या देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक मुलं बाधित निघाली, पाठोपाठ मार्चमध्ये पालघरच्या आश्रमशाळांतही बाधित मुलं आढळली. पण वीस-पंचवीस पटाची, दोन शिक्षकी, चार बाजूंनी वारा खाणारी पाड्यावरची शाळा ही आश्रमशाळा नव्हे. तिथली मुलं शाळा बंद असतानाही दिवसभर एकत्रच असतात, ओढ्यावर, गुरांमागे, एकमेकांच्या ओट्यावर. शाळेने त्यांच्या गाठीभेटींत भर पडली नसती. पडली असती ती त्यांच्याकडे बघणाऱ्या एका जाणत्या डोळ्याची. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांनी हाच विचार करून शाळा चालू ठेवल्या. दाटीच्या चाळीत राहणारं मूल घरापेक्षा शाळेत सुरक्षित आहे, रोज सकाळी त्याची तपासणी होते आणि आजारी आढळलं तर आरोग्य खातं त्याच्या घरापर्यंत पोहोचतं, असं त्यांचं म्हणणं होतं. शाळा हे तिथे आरोग्य खात्याचं नाक्यावरचं ठाणं झालं. कोपलंड यांच्याकडे शाळेतले डॉक्टर आणि परिचारिका होत्या, आपल्याकडे पाड्यावर नाहीत, हे खरं. पण आशा कार्यकर्ती आहे, अंगणवाडी सेविका आहे, गुरुजी आहेत. तिघांना एका जागी रोज बसवायची सोय फक्त शाळेत होती.

दुसरा आक्षेप शिक्षणशास्त्राचा आहे: कर्ण्यावरचा धडा म्हणजे शिक्षण नव्हे. नव्हेच. १९३७ मध्ये पोलिओमुळे शिकागोत शाळा उघडणं लांबलं तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे सव्वातीन लाख मुलांना रेडिओवरून धडे दिले गेले, वर्तमानपत्रांतून वेळापत्रकं आणि प्रश्न छापले गेले. तरीही ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता ती मुलं बाहेर राहिली आणि जी मागे होती ती आणखी मागे पडली. ध्वनिमुद्रित आवाज मुलाची चूक ऐकत नाही. वाचायला शिकणाऱ्या मुलाला नेमका चूक ऐकणाराच लागतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २० टक्क्यांवर घसरलं. त्याच काळात सहा ते चौदा वयाच्या मुलांची पटनोंदणी ९७ वरून ९८ टक्क्यांवर गेली. पट शाबूत राहिला म्हणून सगळं शाबूत राहिलं, असं सांगणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. म्हणून ‘बोलक्या शाळे’चं कौतुक तिच्या जागेवरच करायला हवं. तिने नातं टिकवलं, रोज ठरल्या वेळी एकत्र बसायची सवय टिकवली. अक्षर शिकवायला माणूसच लागणार होता, आणि तो माणूस पाड्यावर पाठवणं हे सरकारचं काम होतं.

माणूस कुठून आणायचा, शिक्षक तर सर्वेक्षणाच्या कामाला जुंपलेले होते, हा तिसरा आक्षेप. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आणि तपासणी नाक्यांवर शिक्षक राबले, हे खरं. पण मग ते घरोघरी फिरतच होते. ताप मोजायला दारात आलेल्या गुरुजींनी त्याच दारात दहा मिनिटं मुलाचं वाचन ऐकायला कोणाची हरकत होती? कित्येक शिक्षकांनी ते आपणहून केलंही. ओट्यावर, झाडाखाली, समाजमंदिरात त्यांनी मुलं जमवली, पण वरून आदेश नसल्यामुळे हे काम काहीसं चोरून करावं लागलं. आदिवासी विकास विभागाने ‘अनलॉक लर्निंग’मधून घरी अडकलेल्या आश्रमशाळेच्या मुलांपर्यंत पुस्तिका पोहोचवल्या, ते योग्य दिशेचं पाऊल होतं. मुलाच्या मागे शाळेने जायचं ही कल्पना तर याच जिल्ह्यातली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. मूल बालवाडीत येत नसेल तर वाडी त्याच्या अंगणात, आणि गुरं राखायला जाणारं मूल वर्गात येत नसेल तर शाळा कुरणात, असा त्यांचा खाक्या होता. जव्हारहून कोसबाड एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहे. कुरणशाळेचा अनुभव गाठीशी असलेल्या जिल्ह्याने साथीत मोबाइलच्या मनोऱ्यांची वाट बघावी, हे मला सर्वांत जास्त लागतं.

शाळा उघडणं लांबल्याने आणखी काय काय जातं, हे जगाने आधी पाहिलं होतं. इबोलात सिएरा लिओनमधल्या शाळा नऊएक महिने बंद राहून एप्रिल २०१५ मध्ये उघडल्या. रेडिओवर धडे चालू होते, तरी या काळात कितीतरी मुली गरोदर राहिल्या आणि त्यांना पुढची काही वर्षं शाळेत यायलाच बंदी झाली. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये शेजारच्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला वेठीवर दिल्याची प्रकरणं उघड झाली. त्याची मुळं कर्जात आणि उपासमारीत आहेत, केवळ शाळाबंदीत नाहीत. पण रोज हजेरी घेणारं कोणी असेल तर नाहीसं झालेलं मूल आठवड्यात लक्षात येतं. वावर-वांगणी या गावांतली १९९२-९३ ची बालकांची कुपोषणाने झालेली मरणं ज्या जव्हार तालुक्याने पाहिली, तिथे मुलांची रोजची मोजदाद ही कागदी औपचारिकता मानता येत नाही.

राहिला निर्णयाचा प्रश्न. जुलै २०२१ मध्ये राज्याने एक शहाणी गोष्ट केली. ज्या गावात महिनाभर रुग्ण नाही, तिथे सरपंचाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने आणि ग्रामपंचायतीने पालकांशी बोलून ठराव करावा आणि १५ जुलैपासून शाळा सुरू करावी, असं ठरलं. तत्त्व बरोबर होतं. पण परवानगी होती आठवी ते बारावीला. ज्या पाड्यावर शाळाच चौथीपर्यंत, त्याला या अधिकाराचा उपयोग काय? पुढच्या साथीसाठी हाच नियम उलटा लिहिला पाहिजे. सर्वांत लहान मुलांच्या, सर्वांत लहान शाळा शेवटी बंद व्हाव्यात आणि आधी उघडाव्यात. निवासी शाळांचा नियम स्वतंत्र असावा. आणि वर्ग बंद असला तरी गुरुजी, आशा आणि सेविका यांची आठवड्यातून ठरलेल्या वारी पाड्यावर एकत्र फेरी, लोकांच्या बोलीत, बंद पडू नये. यासाठी नवा कायदा नको. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक दिले आहेत. जव्हार-मोखाडा अनुसूचित क्षेत्रात येतात आणि २०१४ च्या पेसा नियमांनुसार इथल्या पाड्याला स्वतःची ग्रामसभा करता येते. या दोघांनी मिळून साथीआधीच ठराव करून ठेवावा: किती रुग्ण झाले की वर्ग थांबवायचा, किती दिवसांनी पुन्हा बघायचं, कर्णा कोणाच्या घरी ठेवायचा, खबर कोणी सांगायची. दरवर्षी इथली कुटुंबं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अनेक घरांना कुलूप असतं. म्हणून हा विषय १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावा. तेव्हा आवणी उरकलेली असते आणि माणसं घरी असतात.