चष्मा डोळ्यांना की पडद्याला?

मोबाइल डोळ्यांपासून थोडा थोडा लांब जाऊ लागतो आणि एक दिवस हातच पुरेनासा होतो. मराठीत या तक्रारीला आणि तिच्यावरच्या चष्म्यालाही एकच नाव आहे, चाळिशी. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयानुसार कडक होते आणि जवळचे पाहताना त्याला पूर्वीसारखे फुगता येत नाही.

मग चष्मा पडद्यालाच घातला तर? २०१४मध्ये बर्कलेचे फू-चुंग हुआंग व ब्रायन बार्स्की आणि एमआयटीचे गॉर्डन वेट्झस्टाइन व रमेश रासकर यांनी असा पडदा करून दाखवला. यातले रासकर मूळचे नाशिकचे. त्यांनी आयपॉडच्या पडद्यावर अतिसूक्ष्म छिद्रांची जाळी बसवली. त्यामुळे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा प्रकाश कोणत्या दिशेने जावा, हे ठरवता येते. बघणाऱ्याचा नंबर संगणकाला सांगितला की तो चित्र आधीच अशा बेताने बिघडवतो, की डोळ्याच्या दोषातून जाताना ते नीट होते. शेजारच्या निरोगी डोळ्यांना मात्र तेच चित्र धूसर दिसते. (आजोबांचा मोबाइल नातवाला वाचता येणार नाही. काही आजोबांना ही सोयच वाटेल!)

अडचणीही आहेत. छिद्रांमुळे उजेड कमी होतो आणि डोळा ठरावीक जागेवरून हलला की चित्र पुन्हा बिघडते. चाचणीही माणसांऐवजी डोळ्याची नक्कल करणाऱ्या कॅमेऱ्यावर झाली होती. त्यामुळे एवढ्यात दुकानात जाऊन तो मागू नये.

दुसरी वाट थेंबांची. काचबिंदूवर शंभराहून अधिक वर्षे वापरलेल्या पिलोकार्पिनला २०२१मध्ये अमेरिकेत चाळिशीसाठी मंजुरी मिळाली. या औषधाने बाहुली आकसते आणि बारीक छिद्रातून पाहावे तसे जवळचे स्पष्ट दिसते, पण काही तासच. डोके दुखू शकते, रात्री गाडी चालवताना कमी दिसते आणि क्वचित दृष्टिपटल फाटण्याचा धोका असतो. जास्त मायनस नंबर असलेल्यांनी तर पडदा तपासून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊच नये. भारतात अशाच थेंबांची परवानगी सप्टेंबर २०२४मध्ये, जाहिरातीतल्या अवाजवी दाव्यांमुळे स्थगित झाली.

या गडबडीत साधा चष्मा उगीच बदनाम होतो. आसाममध्ये चाळिशी उलटलेल्या चहा खुडणाऱ्या मजुरांना मोफत चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे काम सुमारे २२ टक्क्यांनी वाढले. हा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला.

रस्त्यावरच्या तयार चष्म्यानेही वाचता येते, पण त्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो आणि डोळ्याचा दाब कोणी मोजत नाही. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही. चाळिशीचा नंबर काढायला आलेल्या माणसात तो अनेकदा अचानकच सापडतो, आणि तोवर गेलेली नजर परत येत नाही. मधुमेह असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल, तर नंबर काढतानाच दाब आणि दृष्टिपटल दोन्ही तपासून मागावे.